हिरवी पूड आणि फिकट हिरड्या

कुत्र्याचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून हिरडी पाहायची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंगावर येते. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतलं अस्तर पाहायचं. हा रंग फिकट दिसू लागला, दोन जिने चढल्यावर कुत्रं धापा टाकू लागलं, की रक्त कमी झाल्याची शंका येते. मग लोह आठवतं, आणि लोहाच्या मागोमाग हल्ली हमखास येते ती स्पिरुलिनाची हिरवी पूड. डब्यावर पानांचं चित्र, ‘नैसर्गिक लोह’ अशी ग्वाही आणि मांस न शिजवणाऱ्या घराला दिलासा देणारी एक सोय.

ही पूड वाईट नाही. कुत्र्याच्या आहारात तिला खरोखर जागा आहे. पण ती जागा केवढी, हे मिलिग्रॅममध्ये मोजल्याशिवाय कळत नाही, आणि न मोजता पूड देत राहिलं तर दुखणं आत वाढत राहतं. म्हणून हा सगळा हिशेब.

आधी ही वस्तू कुठून येते ते पाहू. स्पिरुलिना शेवाळ म्हणून विकली जाते, पण जीवशास्त्राच्या वर्गवारीत ती सायनोबॅक्टेरियांत मोडते. तिच्या वंशाचं नाव आर्थ्रोस्पायरा. क्लोरेला मात्र खरंखुरं हिरवं सूक्ष्मशेवाळ. कुत्र्याच्या पोटाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. क्लोरेलाच्या पेशीभोवती चिवट भिंत असते. ती कारखान्यात फोडलेली नसेल, तर बरीचशी पेशी जशी गेली तशी विष्ठेतून बाहेर पडते. क्लोरेला घ्यायचीच असेल तर पेशीभित्तिका फोडलेली आहे असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. स्पिरुलिनाच्या भिंतीत सेल्युलोज नसतं, त्यामुळे ती सहज पचते. घरच्या वापरासाठी स्पिरुलिना बरी, ती याच कारणाने.

स्पिरुलिनाला खारं, अल्कधर्मी पाणी लागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो. तिथे मासे जगत नाहीत, पण आर्थ्रोस्पायरा भरभरून वाढते आणि सरोवराच्या हिरव्या रंगात तिचा मोठा वाटा असतो. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या काठचे कानेम्बू लोक अशाच पाण्यावरची साय गाळून, वाळूवर वाळवून तिच्या वड्या करत आले आहेत. बाजारातली पूड मात्र उथळ हौदांत वाढवलेली असते. भारतात तमिळनाडूत अशी शेती बरीच आहे. हौदातल्या पाण्याची कृती १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये झारूक यांनी बसवली आणि तीच आजही थोड्याफार फरकाने वापरतात. एका लिटर पाण्यात १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, अडीच ग्रॅम सोडियम नायट्रेट, थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम, मीठ आणि १० मिलिग्रॅम हिराकस.

हे हिराकस म्हणजेच फेरस सल्फेट, रक्तवाढीच्या गोळीत असतं तेच. स्पिरुलिनाच्या पेशीतलं लोह हौदात घातलेल्या हिराकसातूनच येतं. पेशी ते उचलते आणि आपल्या प्रथिनांशी बांधून ठेवते. १० मिलिग्रॅम हिराकसात २ मिलिग्रॅम लोह असतं. लिटरमागे एक ग्रॅम कोरडी पूड निघाली आणि सगळं लोह पेशींनी उचललं असं धरलं, तर १०० ग्रॅम पुडीत २०० मिलिग्रॅम लोह भरेल. प्रत्यक्षात एवढं भरत नाही, कारण इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोह साका होऊन तळाशी बसतं. ते विरघळलेलं राहावं म्हणून सोबत ईडीटीए हे लोह धरून ठेवणारं रसायन घालतात. ते कमी पडलं की साका स्पिरुलिनाच्या धाग्यांना चिकटतो आणि पुडीबरोबर प्रयोगशाळेत लोह म्हणून मोजला जातो, पण असं गंजाच्या जातीचं लोह आतडं जेमतेम घेतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यात १०० ग्रॅम वाळवलेल्या स्पिरुलिनात २८.५ मिलिग्रॅम लोह दिलं आहे. बाजारातल्या काही डब्यांवर याच्या तिप्पट-चौपट आकडे दिसतात. दोन्ही खरे असू शकतात, कारण हौद निराळे. म्हणून ज्या डब्यावर त्या घाण्याच्या, म्हणजे बॅचच्या, तपासणीचा आकडा नाही, त्या पुडीत १०० ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम लोह आहे असं धरूनच हिशेब करावा. म्हणजे एका ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅम.

आता कुत्र्याची गरज. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे ७.५ मिलिग्रॅम लोह हवं. पशुखाद्याचे मापदंड ठरवणारी ‘आफको’ ही अमेरिकी संस्था १० मिलिग्रॅम धरते, आणि वाढत्या पिल्लांसाठी व गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी २२ मिलिग्रॅम. दहा किलोचं घरातलं कुत्रं दिवसाला साधारण ५५० किलोकॅलरी खातं. म्हणजे सुरक्षित बाजूने त्याला रोज साडेपाच ते सहा मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. चहाचा एक सपाट चमचा स्पिरुलिना भरते सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, त्यातून मिळालं ०.७ मिलिग्रॅम. अख्खा चमचा पोटात जाऊनही गरजेचा आठवा हिस्सा.

आपल्याकडच्या अनेक घरांतलं कुत्र्याचं ताट मांडून पाहू. तीन पोळ्या, पाव लिटर दूध, मूठभर तांदळाचा भात. कॅलरी भरतात जवळपास साडेपाचशे. लोहाचं पाहिलं तर नव्वद ग्रॅम कणकेतून साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, भातातून पाव, आणि दुधातून नाममात्र, कारण दुधात लोह जवळजवळ नसतंच. कागदावर दोन मिलिग्रॅमची तूट दिसते. पण खरी तूट याहून मोठी आहे. कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला आतड्यात धरून ठेवतं. दुधातलं कॅल्शियम उरलेल्या लोहाच्या वाटेत येतं. पोळी दुधात कुस्करून देणं ही लोहाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट जोडी, आणि दुर्दैवाने सगळ्यांत जास्त दिली जाणारीही. ही दोन मिलिग्रॅमची तूट एकट्या स्पिरुलिनाने भरायची तर रोज सात ग्रॅम लागेल, म्हणजे तीन चमचे. दहा किलोच्या कुत्र्याच्या ताटात एवढी पूड घातली तर बहुतेक कुत्री तोंड फिरवतात, आणि जी खातात त्यांना पातळ शी होते.

त्याऐवजी तीस ग्रॅम कोंबडीची कलेजी घातली तर एका फटक्यात २.७ मिलिग्रॅम लोह मिळतं, कारण १०० ग्रॅम कलेजीत ते ९ मिलिग्रॅम असतं. मटणाच्या दुकानात तिल्ली, म्हणजे प्लीहा, मागितली तर कसाई बहुधा नाममात्र पैशांत देतो. मेंढीच्या तिल्लीत १०० ग्रॅममागे तब्बल ४२ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे दहा ग्रॅमचा तुकडा चार मिलिग्रॅम देऊन जातो. रक्तीचंही तसंच. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, त्यामुळे उकडलेल्या रक्तीचा लहानसा तुकडाही बरंच काम करतो. शिवाय मांस-रक्तीतलं बरंचसं लोह ‘हिम’च्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या कड्याच्या, रूपात असतं. आतडं ते हिमच्या कड्यासकट अख्खं आत घेतं, त्यामुळे फायटेटचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. स्पिरुलिनातलं लोह त्या रूपात नसतं. ते कणकेतल्या लोहासारखंच सुटं होऊन, वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याला तोंड देत आत शिरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ते रक्तात उतरताना दिसलं आहे, त्यामुळे ते निरुपयोगी आहे असं कुणी म्हणू नये. पण ते स्वस्तात मिळणारं मांस नव्हे, हेही तितकंच खरं.

कलेजीबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून ती रोजच्या मांसाच्या वीसाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावी. वर म्हटलेले तीस ग्रॅम रोज नकोत, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. लॅब्रॅडॉर घरात असेल तर आणखी एक गोष्ट. या जातीत काही कुत्र्यांच्या यकृतात तांबं साठत जातं. मेंढीच्या कलेजीत १०० ग्रॅममागे ७ मिलिग्रॅमच्या घरात तांबं असतं, कोंबडीच्या कलेजीत अर्धा मिलिग्रॅम. यकृताची एन्झाइमं वाढलेल्या लॅब्रॅडॉरला कोंबडीचीच कलेजी द्यावी, तीही डॉक्टरांना विचारून.

इथवर हिशेब ताटाचा झाला. पण फिकट हिरडीचं कारण बहुतेक वेळा ताटात नसतंच.

कुत्र्याचं शरीर लोहाच्या बाबतीत कमालीचं काटकसरी आहे. दहा किलोच्या कुत्र्यात साडेआठशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं आणि प्रत्येक मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे नुसत्या रक्तात चारशेहून अधिक मिलिग्रॅम. तांबडी पेशी सुमारे ११० दिवस जगते. म्हणजे रोज साधारण चार मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून सुटतं. प्लीहा आणि यकृतातल्या पेशी ते वेचून अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. बाहेर जातं ते अगदी थोडं. त्यामुळे बरं खाणाऱ्या प्रौढ कुत्र्याला केवळ अन्नातल्या कमतरतेने लोहाचा तुटवडा येणं दुर्मीळ आहे. वर मांडलेलं दूध-पोळीचं ताट वाईटच आहे, पण त्याने साठा हळूहळू ओसरतो. एखाद्या महिन्यात हिरड्या पांढऱ्या पडतात तेव्हा रक्त कुठेतरी गळत असतं किंवा फुटत असतं. टाकीला तळाशी भोक असताना वरून वाटीने पाणी ओतत बसण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत मोठं भोक म्हणजे अंकुशकृमी. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा जंत जेमतेम दीड सेंटिमीटरचा, पण एक जंत दिवसाला ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्त पिऊ शकतो. असे शंभर जंत असले, आणि दमट हवेच्या कोकणात किंवा पावसाळी अंगणात ही मोठी संख्या नाही, तर रोज दहा मिलिलिटर रक्त गेलं. म्हणजे पाच मिलिग्रॅम लोह, दिवसाची जवळपास सगळी गरज. आतड्यात सांडलेल्या रक्तातलं थोडं लोह परत शोषलं जातं, तरीही तूट प्रचंड उरते. अर्धा चमचा स्पिरुलिना यात किती भर घालणार? ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम, आणि त्यातलंही शोषलं जाईल तेवढंच. पिल्लांची गत आणखी अवघड. हा जंत आईच्या दुधातून पिल्लांत येतो. एक किलोच्या पिल्लात रक्तच असतं ८५ मिलिलिटर. पन्नास जंतांनी रोज पाच मिलिलिटर प्यायलं तर आठवड्याभरात पिल्लू निपचित पडतं. त्या वयात शीमध्ये जंतांची अंडी दिसण्याआधीच रक्त गेलेलं असतं, म्हणून अंडी नाहीत या अहवालावर विसंबू नये. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला वजनाप्रमाणे जंताचं औषध आणि त्याच वेळी आईलाही, ही वेळापत्रकाची गोष्ट आहे आणि ती चुकवू नये. पांढऱ्या पडलेल्या पिल्लाला पूड चाटवत घरी ठेवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवं, रक्त द्यायची वेळही येऊ शकते.

प्रौढ कुत्र्यांत यापुढची गळती जठराची. सांधेदुखीवर घरातली माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिली की जठरात व्रण पडतात आणि थेंबथेंब रक्त जात राहतं. म्हाताऱ्या कुत्र्यात आतड्यातली गाठही असंच करते. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची दिसली तर ओल्या पांढऱ्या कागदावर तिचा लहानसा गोळा ठेवावा. कडेला तांबूस वर्तुळ पसरलं तर ते पचलेलं रक्त असण्याची शक्यता मोठी. स्पिरुलिनाने शी गडद हिरवी होते आणि लोहाच्या गोळीने काळी, म्हणून ही परीक्षा पूड किंवा गोळी सुरू करण्याआधी केली तरच तिचा उपयोग. एकदा पूड सुरू झाली की शीचा रंग आपल्याशी बोलायचा थांबतो.

आणि मग गोचीड. महाराष्ट्रात फिकट हिरडीचं कारण शोधताना तपकिरी गोचीड विसरून चालतच नाही. तिच्यातून एहर्लिशिया आणि बबेसिया हे गोचीडतापाचे जंतू शिरतात. बबेसिया तांबड्या पेशींत घुसून त्या फोडतो. एहर्लिशिया दीर्घकाळ राहिला तर अस्थिमज्जाच थकते. या दोन्हींत लोह शरीराबाहेर गेलेलं नसतं. पेशी फुटल्या तरी लोह आतच राहतं, आणि दाह चालू असताना यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडून ते साठ्यांत कुलूपबंद करतं. आतड्याचं दारही तेच बंद करतं. अशा वेळी अन्नातून कितीही लोह घातलं तरी ते अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही. ताप, मलूलपणा, गडद चहाच्या रंगाची लघवी, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, यांतलं काहीही दिसलं तर पुडीचा डबा बाजूला ठेवून रक्त तपासायला न्यावं. गोचीडतापात एक-एक दिवस मोलाचा असतो, आणि पुडीच्या भरवशावर गेलेला आठवडा भरून येत नाही.

या दोन वाटा वेगळ्या ओळखायला साध्या सीबीसी तपासणीचा कागद पुष्कळ मदत करतो. प्रौढ कुत्र्याचं हिमोग्लोबिन १२ ते १८ आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा, ३७ ते ५५ टक्के असावा. त्याखाली एमसीव्ही नावाची ओळ असते, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान; ते ६० ते ७७ च्या दरम्यान हवं. लोह दीर्घकाळ कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट बनतात, म्हणजे एमसीव्ही आणि एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) दोन्ही खाली उतरतात, आणि प्लेटलेट बहुतेक वेळा वाढलेल्या दिसतात. गोचीडतापात उलट प्लेटलेट कोसळतात. हिमोग्लोबिन ८, एमसीव्ही ५४, प्लेटलेट सहा लाख असा कागद आला तर रक्त कुठेतरी झिरपतंय. हिमोग्लोबिन ८, एमसीव्ही ६८, प्लेटलेट चाळीस हजार असा आला तर गोचीडतापाची चाचणी आधी. अकिता आणि शिबा या जपानी जातींच्या तांबड्या पेशी मुळातच लहान असतात, त्यांचा एमसीव्ही पाहून घाबरू नये. यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी जन्मतः असेल तरीही पेशी लहान राहतात. म्हणून निदान शेवटी डॉक्टरांनीच करायचं. पण कागद वाचता येणाऱ्या पालकाचे प्रश्न नेमके असतात आणि त्याचा फायदा कुत्र्यालाच होतो.

लोह खरोखर कमी आहे असं ठरलं तर डॉक्टर हिराकसाचीच मात्रा देतात, साधारणपणे कुत्र्याच्या आकारमानानुसार दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम. त्यातल्या शंभर मिलिग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्यासाठी स्पिरुलिना लागेल सत्तर ग्रॅम, रोज. उपचार आणि पूरक आहार यांच्यातलं अंतर दाखवायला मला हा एक आकडा पुरेसा वाटतो.

मग स्पिरुलिना द्यायची कुणाला? ज्याची तपासणी ठीक आहे, जंत-गोचीड आटोक्यात आहेत, पण घरचं ताट बरंचसं शाकाहारी आहे आणि रोजचं लोह काठावर आहे, त्याला. तिथे तिचा उपयोग रास्त आहे, आणि लोहाबरोबर मिळणारी उत्तम प्रथिनं व बीटा कॅरोटीन हा वरचा लाभ. कुत्र्यांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहारातल्या अगदी थोड्या स्पिरुलिनाने लसीला मिळणारा प्रतिकार-प्रतिसाद आणि आतड्याचं आरोग्य सुधारलेलं दिसलं. लोह हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. ब१२ साठी मात्र तिच्यावर विसंबू नये. तिच्यातलं बहुतांश ब१२ खोट्या जातीचं असतं, शरीर ते वापरू शकत नाही. अंडं, दही किंवा मांस यांतलं काहीतरी ताटात हवंच. अंड्याच्या बलकातलं लोह नीट शोषलं जात नाही, पण ब१२ आणि प्रथिनांसाठी अंडं मोलाचं आहे.

मात्रा वजनाने ठरवावी. दहा किलोच्या कुत्र्याला सुरुवातीला चिमूटभर, म्हणजे पाव ग्रॅम, आठवडाभर. शी घट्ट राहिली तर अर्धा ग्रॅम, आणि तिसऱ्या आठवड्यापासून एक ग्रॅम. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याला दोन ग्रॅमच्या वर जायची गरज नाही. चमच्यावर भरवसा ठेवू नये, कारण बारीक पूड दाबून भरली की वजन दीडपट होतं. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. पूड कोमट अन्नात शेवटी मिसळावी. उकळत्या अन्नात घातल्याने लोह कुठे जात नाही, पण फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य उष्णतेने मोडतं आणि वास उग्र होतो. सोबत दूध, दही, पनीर किंवा कॅल्शियमची गोळी त्या जेवणात नको. ती दुसऱ्या जेवणाला द्यावी. त्याच ताटात खिमा किंवा मासळीचा तुकडा असला तर स्पिरुलिनातलं लोहही जास्त शोषलं जातं. मांस नसेल तर बिया काढलेल्या पिकल्या पेरूचा एक चमचा गर मिसळावा. कुत्रं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतं हे खरं, पण लोहाला मदत लागते ती आतड्यात, त्याच घासाबरोबर. पोळीऐवजी भिजवून मोड आणलेली आणि मऊ शिजवलेली मटकी थोडी दिली तर फायटेटही कमी होतं.

लोहाच्या नादात घरात आणखी काय काय दिलं जातं ते पाहून धास्ती वाटते. काळ्या मनुका हा आपल्याकडचा रक्तवाढीचा लाडका उपाय, पण द्राक्षं आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. एकही देऊ नये. माणसांच्या शुगरफ्री टॉनिकांत आणि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं, त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तीन किलोच्या पॉमेरेनियनने अशा तीन गोळ्या फोडून खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम झाले, आणि तिथून गंभीर विषबाधेची हद्द सुरू होते. आधी उलट्या, रक्ताळ शी, मग काही तास बरं वाटल्याचा भास आणि त्यानंतर यकृत कोलमडणं असा तिचा क्रम असतो. त्या मधल्या बऱ्या वाटणाऱ्या तासांत घरी परतू नये.

स्पिरुलिनातून लोहाची विषबाधा होणं जवळजवळ अशक्य आहे. तिचा धोका निराळा आहे: जड धातू आणि भेसळीचं शेवाळ. हौदाचं पाणी किंवा खतं अशुद्ध असली तर शिसं, आर्सेनिक आणि कॅडमियम पेशीत साठतं. नैसर्गिक तळ्यांतून गोळा केलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळात मायक्रोसिस्टिस या विषारी जातीची सरमिसळ होते आणि त्याचं मायक्रोसिस्टिन हे विष थेट यकृतावर जातं. अमेरिकेतल्या क्लामाथ सरोवरातून अशी शेवाळं काढली जातात. ओरेगन राज्याने तिथल्या उत्पादनांसाठी ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, ती याचमुळे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्याच एका पग कुत्रीचा आजार पशुवैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. बाजारात विकत मिळणारं निळ्या-हिरव्या शेवाळाचं पूरक खाऊन तिचं यकृत बिघडलं होतं आणि पुडीत मायक्रोसिस्टिन सापडलं. म्हणून बंद हौदात वाढवलेली स्पिरुलिनाच घ्यावी आणि विकणाऱ्याकडे त्याच घाण्याचा जड धातू आणि मायक्रोसिस्टिन यांचा तपासणी अहवाल मागावा. जो देत नाही त्याची पूड घेऊ नये. गच्चीवर टबात स्पिरुलिना वाढवून कुत्र्याला घालायचा बेत असेल तर तोही सोडलेला बरा. सामू साडेनऊच्या खाली घसरला की इतर शेवाळं शिरतात आणि साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. गाळलेला लगदा गोड्या पाण्याने नीट धुतला नाही तर सोड्याचे क्षार कुत्र्याच्या पोटात जातात. आणि फिरायला नेलेल्या कुत्र्याला हिरवा तवंग आलेल्या तळ्याचं पाणी कधीच पिऊ देऊ नये. त्या तवंगाने कुत्री काही तासांत दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत.

ज्याची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडते आहे, अशा कुत्र्याला स्पिरुलिना देऊ नये. तिचा प्रतिकारशक्ती चाळवण्याचा गुण तिथे उलटू शकतो, आणि त्या आजारात फुटलेल्या पेशींचं लोह बहुतांशी शरीरातच राहतं. डाल्मेशियनला आणि युरेट खड्यांचा त्रास झालेल्या कुत्र्यालाही नको, कारण तिच्यातल्या न्यूक्लिक आम्लांतून प्युरिनं, म्हणजे युरेटचा कच्चा माल, वाढतात.

पावसाळ्यात उघड्या डब्यातली पूड ओलावा धरून गुठळ्या होते, वास माशासारखा कुबट होतो आणि रंग हिरव्याचा मातकट होऊ लागतो. तशी पूड टाकून द्यावी. मोठा डबा घेण्याऐवजी महिन्याभरात संपेल एवढीच घ्यावी, काळ्या बरणीत घट्ट झाकून, ओट्यापासून दूर.

उपचार असो वा पूरक, परिणाम रक्ताच्या कागदावरच तपासावा, डोळ्यांत आलेल्या तेजावर नाही. गळती थांबली आणि लोह मिळू लागलं की रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, आठवड्याच्या आतच वाढताना दिसतात. हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे लागतात आणि साठे भरायला महिने, म्हणून हिरडी गुलाबी झाली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं लोह मध्येच बंद करू नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. हिमोग्लोबिन हललं नसेल तर मात्रा वाढवण्याआधी ताज्या शीचा नमुना पुन्हा द्यावा, एकदाच नव्हे तर सलग तीन दिवसांचा, कारण जंत रोज सारखी अंडी घालत नाहीत.